नेट कोण खातंय? आधी शोधूया, मग बोलूया

 

आज मी बोलणार आहे कार्यालयातल्या संगणकाबद्दल आणि नेटबद्दल. 'हे काय आमच्या कामाचं' असं म्हणून उठू नका. आता गटाचा हिशोब, सभासदांची माहिती, बँकेचे कर्जप्रस्ताव, सगळं संगणकातूनच जातं. तो अडला की आपलं काम अडतं. आणि काम अडलं की आपण कुणाला तरी बोल लावतो. मीही लावला होता, आणि चुकीच्या माणसाला लावला होता. म्हणून ही गोष्ट सांगायची आहे.

जून महिना होता. मृगाचा पाऊस पडून गेला होता. बी-खतासाठी १४ गटांचे कर्जप्रस्ताव बँकेच्या पोर्टलवर चढवायचे होते. शुक्रवार शेवटचा दिवस. सोमवारी सकाळी बाया एसटीने तालुक्याला आल्या. ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो, म्हणून त्यांना समोर बसावं लागतं. आम्ही कागद चढवायला घेतले आणि पडद्यावर ते गोल चाक फिरत राहिलं. ओटीपी यायचा, पण तो टाकायचं पान उघडेपर्यंत त्याची वेळ संपायची. पुन्हा ओटीपी, पुन्हा चाक. दुपारचे दोन वाजले, चार वाजले. शेवटची एसटी साडेपाचची. ज्यांनी दिवसाची मजुरी बुडवली होती त्या हात हलवत परत गेल्या. त्यातल्या दोघींना मंगळवारी पुन्हा यावं लागलं. म्हणजे दोन दिवसांची मजुरी.

आमच्याकडे माहिती भरायला एक तरुण मुलगी आहे. तिचं नाव घेत नाही, आपण तिला 'धाकटी' म्हणू. जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर गाणी बघते. मंगळवारी दुपारी माझा पारा चढला आणि सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, "तुझ्या व्हिडिओंनी सगळं नेट खाल्लं. बाया तिकडे ताटकळतायत आणि तू गाणी बघतेस." ती काही बोलली नाही. मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला. संध्याकाळी लेखापाल ताईंना म्हणाली, "मी या महिन्यानंतर येणार नाही."

नेट मात्र बुधवारीही तसंच.

आधी घराचा नकाशा

बिघाड शोधायचा तर आधी कुठून काय येतं ते माहीत हवं. बाहेरून येणारी तार एका डबीत येते, ती म्हणजे मोडेम किंवा राउटर. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच डबीत असतात. राउटर म्हणजे आपल्या कार्यालयाची वेस. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत तिथूनच जातं. वाय-फायही बहुतेक वेळा तीच डबी देते. राउटरपासून एक तार स्विच नावाच्या छोट्या पेटीत जाते आणि तिथून प्रत्येक संगणकाला एकेक तार.

या संगणकांतला एक असतो सर्व्हर. नाव मोठं आहे, पण आमचा सर्व्हर म्हणजे साधाच, जरा दमदार संगणक. हिशोबाच्या फाइली, सभासदांची नोंद, स्कॅन केलेले कागद, सगळं त्याच्यात. बाकीचे संगणक त्याच्याकडून मागून घेतात. घरातल्या धान्याच्या कोठीसारखं. स्वयंपाक करणाऱ्या चार जणी, पण कोठी एक.

म्हणजे आपल्याकडे दोन रस्ते झाले. एक आतला रस्ता: आपल्या टेबलापासून सर्व्हरपर्यंत. दुसरा बाहेरचा रस्ता: राउटरपासून बँकेपर्यंत. हे दोन रस्ते वेगळे आहेत, एवढी एक गोष्ट आजच्या बोलण्यातून लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे. हिशोबाची फाइल उघडायला वेळ लागतो आणि बाहेरच्या वेबसाइट झटपट उघडतात, तर खोट आतल्या रस्त्यावर किंवा सर्व्हरमध्ये. फाइल चटकन उघडते आणि बँकेचं पान उघडत नाही, तर खोट बाहेरच्या रस्त्यावर. दोन्ही अडतात, तर आधी तारा, स्विच आणि राउटर बघायचे.

बुधवारी आम्ही हे पहिल्यांदा नीट पाहिलं. हिशोबाची फाइल लगेच उघडत होती. अडत होतं ते बाहेरचंच.

गर्दी म्हणजे काय

नेटवर जे काही जातं-येतं, त्याला तांत्रिक माणसं ट्रॅफिक म्हणतात. आपण रहदारी म्हणू. पण मला रस्त्यापेक्षा नळाचं उदाहरण जास्त पटतं. गावात नळाला पाणी येतं. सगळ्यांनी साध्या तोटीने भरलं तर सगळ्यांना मिळतं. एका घराने नळाला मोटर लावली की पुढच्या घरांची तोटी नुसती फुसफुसते. पाइप तोच, पाणी तेवढंच. ओढणारा एक.

नेटचंही तसंच. तुमची योजना २० एमबीपीएसची असेल, तर त्या २० मध्ये सगळ्यांची वाटणी. इथे एक हिशोब समजून घ्या, कारण यात पुष्कळ जणी फसतात. कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये आणि फाइलचा आकार असतो मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून २० एमबीपीएसचं नेट असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त अडीच एमबी येणार, २० एमबी नाही.

दुसरी गोष्ट, पाइप दोन असतात. एक येण्याचा, डाउनलोड. एक जाण्याचा, अपलोड. आमच्याकडे अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून नेट येतं. त्यात येण्याचा वेग २० आणि जाण्याचा फक्त २. तुमच्या योजनेत हे दोन आकडे वेगळे लिहिलेले असतात. आपण मोठा आकडा बघतो आणि खुश होतो. आमची खोट नेमकी लहान आकड्यात होती, पण ते कळायला गुरुवार उजाडला.

अध्यक्ष काकूंची पद्धत

गुरुवारी सकाळी आमच्या संघाच्या अध्यक्ष काकू आल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. गावच्या पाणी समितीवर त्यांनी पुष्कळ वर्षं काम केलंय. मी त्यांना म्हणाले, "काकू, कंपनीच्या माणसाला बोलावलंय, तो शनिवारी येणार." त्या म्हणाल्या, "शनिवारी येऊन काय उपयोग? पाइपलाइनची गळती शोधताना आपण काय करतो? सगळे वॉल्व बंद करतो आणि एकेक उघडत जातो. तसं यात करता येत नाही का?"

मैत्रिणींनो, करता येतं. मोठी ऑफिसं सांभाळणारे तंत्रज्ञसुद्धा तेच करतात. आम्ही काय केलं ते आता क्रमाने सांगते. हाताशी वही-पेन घ्या.

पहिलं, दिवे आणि तारा. राउटरवरचे दिवे बघा. आमच्यासारखी टेलिफोनची तार असेल तर डीएसएल नावाचा दिवा स्थिर हवा. फायबर असेल तर 'लॉस' नावाचा दिवा लाल झालेला नसावा. तो लाल असेल तर बाहेरून उजेडच येत नाही, आपल्या हातात काही नाही, कंपनीला फोन करा. प्रत्येक तार दोन्ही टोकांना नीट बसली आहे का, कुठे खुर्चीखाली चेपली किंवा उंदराने कुरतडली आहे का, ते बघा. आमच्या तारा ठीक होत्या.

दुसरं, पिंग. पिंग म्हणजे हाक मारून बघणं. आपला संगणक दुसऱ्याला 'ओ' म्हणायला सांगतो आणि 'ओ' यायला किती वेळ लागला ते मोजतो. माइक मूस नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने हा छोटा प्रोग्राम १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. पाणबुडी आवाज सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकते, त्या आवाजावरून हे नाव पडलं. आज विंडोजच्या प्रत्येक संगणकात तो असतो, पैसे लागत नाहीत.

करायचं असं. स्टार्टचं बटण दाबा, इंग्रजीत सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करा आणि एंटर मारा. एक काळी खिडकी उघडेल. घाबरू नका, आपण त्यात फक्त विचारणार आहोत, काही बदलणार नाही. आधी टाइप करा आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. सगळं जोडून. एंटर मारा. जी यादी येईल तिच्यात 'डिफॉल्ट गेटवे' अशी ओळ शोधा. तिच्यासमोरचा आकडा म्हणजे आपल्या राउटरचा पत्ता. तो वहीत लिहून ठेवा.

आता पी, आय, एन, जी टाइप करा, एक जागा सोडा आणि राउटरचा पत्ता टाका. चार उत्तरं येतील. प्रत्येकात 'टाइम' पुढे एक आकडा असतो, तो मिलिसेकंदांत. १००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद. तारेने जोडलेल्या संगणकाला राउटरकडून १ किंवा त्याहून कमी उत्तर यायला हवं. तसंच सर्व्हरच्या पत्त्याला पिंग करा. मग बाहेर हाक मारा. त्यासाठी गूगलचा एक सोपा पत्ता आहे: आठ, टिंब, आठ, टिंब, आठ, टिंब, आठ.

आमचे आकडे वहीत अजून आहेत. राउटर १. सर्व्हर १ पेक्षा कमी. बाहेर ९४०, मग ११८०, आणि दोनदा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे हाकेला ओच नाही. आतला रस्ता मोकळा, बाहेरचा तुंबलेला. आमचा अंदाज आकड्यांनी खरा ठरला.

एक छोटी सूचना. बाहेरच्या आकड्यांच्या पत्त्याला उत्तर चांगलं येतं, पण वेबसाइट नावाने उघडत नाही, असं झालं तर गर्दी नसून नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा बिघडलेली असू शकते. तिला डीएनएस म्हणतात. अशा वेळी राउटर एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. तरी नाही झालं तर तंत्रज्ञाला हाच शब्द सांगा.

तिसरं, वॉल्व. बाहेरचा रस्ता तुंबलाय, पण तो कंपनीच्या बाजूला तुंबलाय की आपणच तुंबवलाय? पिंग सतत चालू ठेवता येतं. पत्त्यानंतर एक जागा सोडून आडवी रेघ आणि टी हे अक्षर टाकायचं. थांबवायला कंट्रोल आणि सी. आम्ही एका लॅपटॉपला तारेने थेट राउटरला जोडलं आणि त्यावर गूगलचं पिंग चालू ठेवलं.

आधी वाय-फाय बंद केलं. म्हणजे सगळ्यांचे मोबाइल एकदम सुटले. आकडे तसेच राहिले, ९००, १०००. म्हणजे गर्दी मोबाइलची नव्हती. धाकटी माझ्या शेजारीच उभी होती. मी पडद्याकडेच बघत राहिले.

मग राउटरमधून स्विचची तार काढली. काही सेकंदांतच आकडा खाली आला. ३८, ४१, ३९. म्हणजे कंपनीची तार निर्दोष. जे काही ओढत होतं ते स्विचच्या पलीकडे, आमच्याच संगणकांत होतं.

स्विचच्या सगळ्या तारा काढल्या, स्विच पुन्हा राउटरला जोडला आणि एकेक संगणकाची तार लावत गेलो. प्रत्येक तारेनंतर पुरती दोन मिनिटं थांबलो, कारण काही प्रोग्राम जोडल्याबरोबर सुरू होत नाहीत. लेखापाल ताईंचा संगणक: ४०. धाकटीचा: ४२. माझा: ४०. सर्व्हरची तार लावली. एक मिनिट काही नाही. मग १२०, ४००, ८५०, ९६०.

काकू म्हणाल्या, "सापडली गळती."

सर्व्हरच्या आत

आता प्रश्न असा की सर्व्हर एवढं काय पाठवत होता. हे बघायची सोय विंडोजमध्येच आहे. स्टार्टमध्ये आर, ई, एस, एम, ओ, एन असं टाइप करून एंटर मारा. 'रिसोर्स मॉनिटर' उघडतं. वर 'नेटवर्क' लिहिलेलं आहे तिथे क्लिक करा. कोणता प्रोग्राम किती पाठवतो आणि किती घेतो याची यादी दिसते. 'सेंड' या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की जास्त पाठवणारा सर्वांत वर येतो. एवढं खोलात नको असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'नेटवर्क' रकान्यावर क्लिक करा.

सर्वांत वर नाव होतं ऑनलाइन बॅकअपच्या प्रोग्रामचं. आणि तो बसवला होता मी.

झालं असं होतं. आधीच्या वर्षी एका संगणकाची हार्ड डिस्क गेली आणि तीन महिन्यांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. म्हणून मी सर्व्हरवर असा प्रोग्राम टाकला की ठरलेल्या फोल्डरमध्ये जे येईल त्याची प्रत आपोआप नेटवर जाईल. चांगलंच केलं होतं. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रशिक्षणाचे व्हिडिओ मी त्याच फोल्डरमध्ये टाकले. ६० जीबी. टाकले आणि विसरले.

आता हिशोब करा. ६० जीबी म्हणजे साधारण ६०,००० एमबी. बिटमध्ये आणायला आठने गुणा, ४,८०,००० मेगाबिट. जाण्याचा वेग सेकंदाला २. म्हणजे २,४०,००० सेकंद. तास काढले तर साडेसहासष्टच्या वर. आमचं कार्यालय दिवसाला सात तास चालतं. म्हणजे सगळा पाइप व्हिडिओंनाच दिला तरी साडेनऊ दिवस. ज्या आठवड्यात बाया मजुरी बुडवून बसल्या होत्या, तो सबंध आठवडा आमचा सर्व्हर व्हिडिओ पाठवत होता.

तुम्ही विचाराल, व्हिडिओ बाहेर जात होते, मग बँकेचं पान आत यायला काय हरकत? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. पान मागवायची मागणी जाण्याच्याच पाइपातून जाते. शिवाय पानाचे तुकडे येतात तसतशी आपल्या संगणकाला त्यांची पोच पाठवावी लागते. पोच मिळेपर्यंत समोरचा पुढचे तुकडे रोखून धरतो. ही पोच इवलीशी असते, पण व्हिडिओंच्या रांगेत मागे अडकते. म्हणून येण्याचा २० चा पाइप मोकळा असूनही पान येत नव्हतं. जाण्याचा पाइप तुंबला की येणंही थांबतं.

आणि हे आधी का कळलं नाही? कारण आम्ही वेग तपासायचो संध्याकाळी, सगळं बंद करून निघताना. तेव्हा सर्व्हर बंद असायचा. वेग छान दिसायचा. दुखणं दिवसाचं आणि तपासणी रात्रीची, अशी गत.

बॅकअप थांबवला. दहा मिनिटांत बँकेचं पान उघडलं. त्या दिवशी चार वाजेपर्यंत ११ गटांचे प्रस्ताव गेले, उरलेले तीन शुक्रवारी सकाळी.

नंतर काय बदललं

बॅकअप कायमचा बंद केला नाही. तसं करणं म्हणजे घरात उंदीर झाले म्हणून कोठीच मोडण्यासारखं. आता नेटवर फक्त हिशोब आणि नोंदींचं फोल्डर जातं, तेही जेवणाच्या सुट्टीत. ते काही मिनिटांत होतं. व्हिडिओ आणि फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून काकूंच्या घरी कपाटात ठेवले. जाणकार सांगतात की महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक कार्यालयाबाहेर. आता आमचं तसं आहे.

विंडोजचे अपडेटही पुष्कळ नेट ओढतात. ते बंद करू नका, सुरक्षेसाठी लागतात. पण सेटिंगमध्ये आपल्या कामाचे तास सांगता येतात आणि डाउनलोडच्या वेगाला मर्यादा घालता येते. आम्ही ती घातली. नेटवर चित्रण पाठवणारा सीसीटीव्ही असेल तर तोही दिवसभर जाण्याचा पाइप वापरतो, त्याच्याकडेही लक्ष द्या. मोबाइलसाठी वेगळं पाहुण्यांचं वाय-फाय केलं आणि कामाच्या वाय-फायचा पासवर्ड बदलला. मोबाइलही फोटोंचा बॅकअप करत असतातच, म्हणून हे बरं.

सर्वांत कामाची निघाली ती एक साधी वही. तारीख, वेळ, कुणाचा संगणक, आतलं अडलं की बाहेरचं, तेव्हा काय चालू होतं, पिंगचे आकडे. ही वही सोमवारपासून ठेवली असती तर मंगळवारीच दिसलं असतं की सर्व्हर चालू झाला की दुखणं सुरू होतं.

दुसऱ्या कार्यालयांतल्या ताया मला वेगवेगळी दुखणी सांगतात, तीही ऐका. एके ठिकाणी साफसफाई करताना कुणीतरी एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली. मग निरोप त्यातच गोल गोल फिरत राहतात, स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकतात आणि अख्खं कार्यालय ठप्प. ती तार काढली की झालं. दुसरीकडे सर्व्हर आणि प्रिंटर दोघांना एकच पत्ता मिळाला होता. कधी फाइल उघडायची, कधी नाही. सर्व्हरला त्याचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला की हा घोळ मिटतो. आणि यादीत अनोळखी प्रोग्राम भरभरून पाठवताना दिसला तर त्या संगणकाची नेटची तार लगेच काढा आणि तंत्रज्ञाला दाखवा. तो व्हायरस असू शकतो.

काय करू नये

राउटरच्या मागे पिन घालून दाबायचं एक बारीक छिद्र असतं. ते दाबू नका, सगळी सेटिंग पुसली जातात. बंद-चालू करायचं ते बटणाने. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. 'नेट दुरुस्त करतो, हे ॲप घ्या' असा अनोळखी फोन आला तर संगणकाचा ताबा देऊ नका. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा.

खोट खरोखर कंपनीच्या तारेत असेल तर तक्रार करताना नुसतं 'नेट स्लो आहे' म्हणू नका. सांगा, "राउटरला पिंग १ येतं, बाहेर ९०० येतं, सगळ्या तारा काढून एकाच लॅपटॉपवर पाहिलं तरी तसंच." मग समोरचा तुम्हाला 'राउटर बंद-चालू करा' म्हणून वाटेला लावत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून वहीत लिहा. निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तिथे तो नंबर लागतो.

शेवटचं

त्या महिन्याच्या बैठकीत मी उभी राहिले. धाकटीला मी सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. सांगितलं की व्हिडिओंनीच नेट खाल्लं होतं, पण ते माझे व्हिडिओ होते. बाया हसल्या. ज्या दोघींची दोन दिवसांची मजुरी गेली होती, त्या हसल्या नाहीत. त्यांचीही माफी मागितली. पण माफीने मजुरी परत येत नाही, हे मला माहीत आहे.

धाकटी गेली नाही. ती वही आता तिच्याकडे आहे. कुठल्या गटाचं काम अडलं की ती आधी विचारते, "आतलं अडलंय की बाहेरचं?" आणि काळी खिडकी उघडते.

आपल्या गटात एखादीचा हप्ता थकला तर आपण लगेच तिला नावं ठेवत नाही. घरी जाऊन विचारतो, आजारपण आहे का, पीक गेलं का. मग संगणकासमोर बसल्यावर आपण तपासायच्या आधीच बोट का दाखवावं? जिच्याकडे मोबाइल आहे, जी वयाने लहान आहे, जिला उलटून बोलता येत नाही, तिच्याकडेच ते बोट वळतं. पिंगला तसं काही माहीत नसतं. तो समन्वयकाच्या संगणकालाही तेवढंच खरं सांगतो.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गटाचं किंवा ग्रामसंघाचं काम जिथे चालतं, तिथे जाऊन राउटरचा पत्ता आणि जाण्या-येण्याच्या वेगाचे दोन आकडे विचारा, आणि भिंतीवर कागद लावून त्यावर लिहून ठेवा. सगळं नीट चालू असतानाच एकदा पिंग करून आकडे टिपा. तब्येत बरी असताना नाडी माहीत असली, की बिघडल्यावर लगेच कळतं.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.